हळूकाका घर शोधतात

या शहरात राहायला येणाऱ्या माणसाला तळ्याच्याही आधी भेटायचे ते हळूकाका. त्यांचं खरं नाव टेम्पोच्या कागदपत्रांवर असेल, पण कुणाच्या तोंडी ते नव्हतं. जिन्यावरून कपाट उतरवताना, फ्रिज चढवताना, पलंगाची फळी दारातून तिरकी काढताना ते एकाच सुरात म्हणत राहायचे, "हळू... हळू... अजून थोडं हळू..." तीस वर्षं हा एकच शब्द इतक्या जिन्यांमधून घुमला, की शेवटी तो त्यांनाच चिकटला. त्यांची बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो हळूकाका, जेवायला तरी जरा लवकर या!"

आम्ही इथं आलो त्या दिवशी सकाळभर धुकं होतं. टेम्पोत सगळ्यात मागं आमचं आरशाचं कपाट उभं बांधलेलं, आरसा बाहेरच्या बाजूला. आम्ही मागच्या गाडीत. रस्ता तळ्याच्या कडेला लागला आणि बघता बघता ते तळं आमच्या आरशात शिरलं. पाणी, पाण्यावरचं धुकं, एक रिकामी होडी, सगळं आमच्या कपाटात बसून आमच्यापुढं चाललं होतं. नवरा म्हणाला, "एवढं सामान आपण बांधलं नव्हतं." मला त्या शहराबद्दल तिथंच माया वाटली.

सामान उतरवायला दोघंच. काका आणि त्यांचा मेहुणा. मेहुणा म्हणजे बलदंड माणूस. बोलायचा कमी, शीळ जास्त घालायचा. त्याच्या शिळेवरून काकांना कळायचं, जड आहे की अवघड आहे. शेवटची पेटी वर गेली की काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे, तांब्याभर पाणी मागायचे, आणि मग सुरू व्हायचं त्यांचं खरं काम.

"दूध कोपऱ्यावरच्या बाईंकडून घ्या, समोरच्याकडून नको. समोरचा माणूस चांगला आहे, दूध नाही. पाव पहिल्या घाण्याचा घेऊ नका, भट्टी तापायची असते. चारच्या सुमाराचा घ्या. दातांचे दोन डॉक्टर आहेत. एक हसतमुख आहे, दुसरा चांगला आहे. शिंपी पुलाजवळचा, पण बाह्या त्याच्याकडून शिवून घेऊ नका, आजवर दोन बाह्या सारख्या निघाल्या नाहीत. संध्याकाळी फिरायला सगळे धक्क्यावर जातात. तुम्ही वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर जा. तिथून पाणी उशिरापर्यंत उजळ दिसतं."

मग वर बघून म्हणाले, "आणि डोकं तळ्याच्या खिडकीकडं करून झोपू नका. सकाळी पाण्याचा उजेड छतावर हलतो. नवीन माणसाला वाटतं, घरच हलतंय."

मी सगळं लिहून घेत होते. शेवटी सहज विचारलं, "पण काका, भाग शांत आहे ना?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "वर्दळ चांगली आहे," असं काहीतरी म्हणाले आणि उठले. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल.

त्या धांदलीत आमच्या एका खुर्चीची वेताची बैठक फाटली होती. काकांना फार लागलं ते. "आमची मंडळी विणते," म्हणाले आणि खुर्ची परत टेम्पोत टाकून घेऊन गेले. ती आणायला मी गेले तेव्हा काकूंची ओळख झाली, आणि पुढं ती खुर्ची ठीक झाल्यावरही मी जात राहिले.

त्यांच्या दोन खोल्या जुन्या लाकडाच्या वखारीमागं होत्या. पूर्वी तळ्याच्या पलीकडून होड्यांतून लाकूड यायचं. काका तरुणपणी त्याच होड्यांवर होते. तळ्याला वळसा घालणारा रस्ता झाला, होड्या बंद पडल्या, काकांनी जुना टेम्पो घेतला. खोल्या मात्र त्याच राहिल्या. आत जिकडं तिकडं लोकांच्या खुर्च्या. काही भिंतीला टेकलेल्या, काही उलट्या टांगलेल्या, बैठकीच्या जागी नुसती भोकांची चौकट. मधे बुटक्या स्टुलावर काकू. शेजारी बादलीत भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या. पट्टी ओढायची, भोकातून काढायची, लाकडी खुंटीनं दाबून धरायची, पुढचं भोक. हात चालू, तोंडही चालू.

खोलीला एकच खिडकी होती. तिच्यातून वखारीचं छप्पर दिसायचं आणि छपरावर हातभर आभाळ. दोन वर्षांपूर्वी वखारवाल्यानं वर एक मजला चढवला आणि ते आभाळही गेलं. काकू दिव्याखाली विणायला लागल्या. चुकीच्या भोकात पट्टी जायला लागली. एकदा अर्धी बैठक उसवावी लागली, तेव्हा त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बाई, चष्म्याचा नंबर तोच आहे. बदलायचाच असेल तर घराचा नंबर बदला."

काकू घरी आल्या, पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, आपण घर बदलू या. मला पाण्याकडची खिडकी हवी."

काका हसले. मग बायको हसत नाही असं पाहून थांबले. "बघतो," म्हणाले.

"सगळ्या गावाला घरं सांगता. बायकोला सांगायची वेळ आली की बघतो?"

पुढच्या रविवारपासून दोघं घरं बघायला निघाले. मला काकूंनी हे सगळं नंतर सांगितलं, वेत ओढता ओढता, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू त्या रविवारांतून अजून बाहेरच आलेल्या नाहीत. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली, आणि नुसतं दोघांनी असं हिंडायची ही पहिलीच वेळ. काकू ठेवणीतली चप्पल घालायच्या. काका केसांना पाणी लावायचे. मग तळ्याच्या काठानं, या गल्लीतून त्या गल्लीत, किल्ल्या मागत, रिकाम्या खोल्यांतून फिरायचं.

रिकामी खोली काकूंनी फारशी पाहिलीच नव्हती. भिंतींवर तसबिरींचे फिकट चौकोन. कपाट होतं तिथली फरशी नवीन, बाकीची झिजलेली. एका ठिकाणी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा, कुणाची तरी उंची वाढत वाढत एकदम थांबलेली. काकू त्या खुणांवरून बोट फिरवायच्या आणि काका मागून सांगायचे, "मुलगी होती. उंच झाली. आता परदेशात असते. त्यांचा पलंग फार जड होता."

असं प्रत्येक घराचं. काकांना कुठलंच घर रिकामं दिसत नव्हतं.

बेकरीवरच्या खोल्या छान उबदार होत्या. काका म्हणाले, "खाली पीठ मळायचं यंत्र आहे. वरच्यांच्या कपबश्या दिवसभर नाचायच्या. मीच उतरवल्यात, एकीलाही कान राहिला नव्हता." धक्क्याजवळच्या तिसऱ्या मजल्यावरून तर सगळं तळं एका नजरेत मावत होतं. काकांनी जिन्याचं वळण वितीनं मोजलं आणि मान हलवली, "कपाट वळायचं नाही." काकू म्हणाल्या, "मग कपाट खाली राहील, आपण वर राहू." मालक हसला. काका नाही हसले.

एक घर होतं, पांढऱ्या गॅलरीचं. काकूंनी गॅलरीत उभं राहून वारा घेतला आणि म्हणाल्या, "हे?" काका आतल्या खोलीत मधोमध उभे होते, पायाखाली बघत. "इथं दोघं भाऊ होते," म्हणाले. "वाटण्या झाल्या. जेवायचं टेबल एकच, कुणी सोडेना. शेवटी करवतीनं कापलं. मी अर्धं एकाकडं पोचवलं आणि अर्धं दुसऱ्याकडं. अगं, दोन पायांचं टेबल, दोन्ही घरी भिंतीला टेकवून ठेवावं लागलं."

"त्याला घर काय करील?"

"घर काही करत नाही. पण मला ती करवत ऐकू येते."

काकूंनी मग त्या घराचा नाद सोडला. परतताना दोघं वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसले. पाण्यावर ऊन तुकड्या-तुकड्यांनी पसरलं होतं. काकू म्हणाल्या, "तुम्ही लोकांचं सामान उतरवून येता, असं मला वाटायचं. तुम्ही तर ते सगळं घेऊन फिरताय."

सातव्या का आठव्या रविवारी काकूंनी स्वतःच एक घर शोधून काढलं. खुर्ची न्यायला आलेल्या कुणी बाईंनी सांगितलं होतं. गाव संपतं, रस्ता वळतो आणि पाण्यात लव्हाळं सुरू होतं, तिथं. खाली निवृत्त नर्सबाई राहतात, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. काकूंनी पत्ता सांगितला तेव्हा काका चप्पल घालत होते. त्यांचा एक पाय तसाच राहिला. पण "नको" म्हणाले नाहीत. गेले बरोबर.

घरापर्यंत गेले आणि कुंपणाच्या भिंतीवर बसले. "तू बघून ये. माझे गुडघे दुखतायत."

रोज पाच-पाच जिने चढणारा माणूस. काकूंना नवल वाटलं, पण नर्सबाई किल्ली घेऊन उभ्या होत्या. त्या वर गेल्या.

वर दोन खोल्या. पुढच्या खोलीला भिंतभर खिडकी, खिडकीखाली लव्हाळं आणि त्यापुढं नुसतं पाणी. लाकडी छत, पांढरा रंग दिलेलं. आणि त्या छतावर पाण्याचा उजेड वाहत होता. जाळं विणावं तसा, सैल, विणता विणता उसवणारा, परत विणला जाणारा. काकू बघत राहिल्या. मग नर्सबाईंना म्हणाल्या, "मी जरा खाली आडवी पडू का?" नर्सबाईंनी जन्मभर लोकांना आडवंच केलेलं. "पडा की," म्हणाल्या. काकू उघड्या फरशीवर उताण्या पडल्या. त्यांना वाटलं, आपण तळ्याच्या तळाशी निजलोय आणि सगळं गाव वरून होडीसारखं सरकत चाललंय. किती वेळ गेला, त्यांना सांगता आलं नाही.

खाली येऊन म्हणाल्या, "हेच."

काका म्हणाले, "हे नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना."

  तिथून जो अबोला सुरू झाला तो दोन आठवडे टिकला. मेहुणा सकाळी टेम्पो काढायला यायचा तो मधेच सापडायचा. "तुझ्या ताईला सांग, मला डबा नको." "तुझ्या भाऊजींना सांग, केलाय तो घेऊन जा." मेहुणा बिचारा डबा उचलायचा आणि जड सामानाची शीळ घालत बाहेर पडायचा.

पंधराव्या दिवशी काम नव्हतं. दुपारी काकू खुर्ची विणत बसल्या होत्या. काका येऊन समोरच्या बिनबैठकीच्या खुर्चीच्या कडेवर टेकले. 

"तिथं लांब्या राहायचा," काका म्हणाले.

लांब्या म्हणजे त्यांचा होडीवरचा सोबती. साडेसहा फूट उंच, लग्न न केलेला, होड्या बंद झाल्यावर धक्क्यावर पहारेकरी झालेला. नऊ वर्षांपूर्वी गेला. त्याचं नाव काकांनी तेव्हापासून पहिल्यांदा घेतलं होतं.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या.

"माझ्याकडं आला होता. म्हणाला, खोलीवर फार गोंगाट आहे, एखादी शांत जागा सांग. मी म्हटलं, वळणावर जा, तिथं शांतच शांत. मीच टेम्पोनं नेऊन सोडलं त्याला. चार वर्षं राहिला. एकटा. थंडीत गेला आणि तिसऱ्या दिवशी कळलं. तेही दूधवाल्याला. तेव्हा खाली कुणी नव्हतं, नर्सबाई नंतर आल्या. गावात असता तर तासाभरात कुणीतरी दार वाजवलं असतं." काकांनी हात गुडघ्यांवर ठेवले होते, उपडे. "मी सांगितली ती जागा. त्याच्यानंतर मी कुणालाही 'शांत आहे' असं सांगितलेलं नाही."

मला हे काकूंनी सांगितलं तेव्हा आमच्या जिन्याच्या पायरीवरचा तो तांब्या आठवला.

काकूंनी हातातली पट्टी खुंटीनं दाबली. मग म्हणाल्या, "तो दर दोन महिन्यांनी इथं यायचा."

"कोण?"

"लांब्या भाऊजी. खुर्ची घेऊन. तुम्ही कामावर असायचात तेव्हा. पहिल्यांदा आले, मी बैठक विणून दिली. दोन महिन्यांनी परत आले, परत तीच खुर्ची फाटलेली. मी बघितलं. अहो, वापरून तुटलेला वेत कसा असतो? झिजतो, दशा निघतात. हा सरळ कापलेला. सुरीनं. मी काही बोलले नाही. तिसऱ्या वेळी म्हटलं, 'भाऊजी, सुरीला धार चांगली आहे तुमच्या.' एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल झाला."

काका खुर्चीच्या कडेवरून पुढं सरकले.

"म्हणाले, 'वहिनी, ह्याला सांगू नका. मला एकटं वाटतंय म्हणेल आणि उचलून गावात आणून टाकेल. मला तिथून हलायचं नाही. जागा फार गोड आहे. फक्त कधीतरी बोलावंसं वाटतं, आणि नुसतं बोलायला कसं यायचं? काहीतरी काम हवं.' मग तो दिवसभर बसायचा. मी विणायची, तो बोलायचा. छतावर पाणी वाहतं ते सांगायचा. लव्हाळ्यातल्या पाणकोंबड्यांची भांडणं सांगायचा, अगदी आवाज काढून. म्हणायचा, 'आयुष्यभर तळ्याच्या वर राहिलो वहिनी, आता खाली निजतो.' मी त्या घरात गेले ना, मला नवीन काहीच नव्हतं. सगळं त्यानं सांगितलेलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार? त्याचं नाव निघालं की तुम्ही उठून जायचात. मला वाटायचं, मित्र गेल्याचं दुःख आहे, कशाला डिवचा. तुम्ही असलं काही पोटात घेऊन बसलाय, हे मला काय ठाऊक?"

काका उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "पाणकोंबडीचा आवाज कसा काढायचा तो?"

काकूंनी काढून दाखवला. तो इतका वाईट होता, की काका हसले. हसता हसता त्यांनी खांद्यावरच्या फडक्यात तोंड घातलं आणि खांदे हलत राहिले. काकू विणत राहिल्या. मग काकांनी ते फडकं काढलं आणि म्हणाले, "अजून काय काय म्हणायचा?" त्या दुपारी काकूंनी चार वर्षांची सगळी बोलणी काढली. खुर्ची अर्धीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघं वळणावर गेले. नर्सबाई म्हणाल्या, "आहे अजून. लोक बघून जातात, लांब पडतं म्हणतात." काका या वेळी वर चढले. खिडकीपाशी उभे राहिले, भिंतीवर हात ठेवून. लांब्याच्या डोक्याच्या उंचीवर दारावरच्या चौकटीत एक खोक पडली होती. येता जाता आपटत असणार. काकांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कपाट वळेल."

त्यांचं सामान हलवायला आम्ही सातआठ जण गेलो होतो. मेहुण्यानं काकांना कशाला हात लावू दिला नाही. एकेक खुर्ची आम्ही हातात घेऊन तळ्याच्या काठानं चालत गेलो, कारण टेम्पोत मावेनात. बघणाऱ्यांना वाटलं असेल, कुठं तरी सभा आहे. मधेच दमून आम्ही त्या रस्त्याकडेला मांडल्या आणि पाण्याकडं तोंड करून सगळे बसलो. बैठक नसलेली खुर्ची माझ्या नवऱ्याच्या वाट्याला आली. तो कडेवर तोल सांभाळत बसला आणि म्हणाला, "असं सामान हलवायला मला रोज बोलवा."

पहिला आठवडा काकांना झोप लागली नाही. सकाळी छत हलायला लागलं की ते उठून बसायचे. मग सवय झाली. टेम्पो आता मेहुणा चालवतो, काका शेजारी बसतात. शेवटची पेटी वर गेली की अजूनही तांब्याभर पाणी मागतात. बेकरी, शिंपी, दातांचे डॉक्टर, सगळं सांगतात. परवा एका म्हाताऱ्या मास्तरांनी शांत जागा विचारली. काकांनी सांगितली. वर म्हणाले, "पण एक खुर्ची मोडकी ठेवा." मास्तरांना ते काही कळलं नाही.

काकूंचं मात्र भलतंच झालं. वेत बादलीत भिजवण्याऐवजी त्या घराखालच्या पायऱ्यांवर बसून तळ्यात भिजवायला लागल्या. एके दिवशी पट्ट्यांची जुडी हातातून सुटली आणि तरंगत निघाली. काकू तिच्यामागं पाण्यात उतरल्या. गुडघा, मांड्या, कंबर. जुडी हाती आली तरी त्या बाहेर येईनात. दुसऱ्या दिवशी जुडी न घेताच उतरल्या. नर्सबाईंना पोहता येत होतं. त्यांनी काकूंच्या पाठीखाली दोन्ही तळवे धरले आणि शिकवायला सुरुवात केली. एकसष्टाव्या वर्षी.

काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज सकाळी टॉवेल घेऊन पायऱ्यांवर उभे. "अगं, खोल आहे तिथं!" "अगं, पुरे!" काकू म्हणायच्या, "तुम्ही होडीवर होतात ना? मग या की." काकांनी त्या दिवशी कबूल केलं, की इतकी वर्षं तळ्यावर काढली, पण त्यांना पोहता येत नाही.

गेल्या रविवारी मी सकाळी त्यांच्याकडं गेले होते. धुकं नुकतंच उठत होतं. नर्सबाई पायरीवर केस पुसत होत्या. काकू दहा-बारा हातांवर एकट्याच उताण्या तरंगत होत्या. हात पसरलेले, कान पाण्याखाली, डोळे मिटलेले. काका काठावरून ओरडून सांगत होते, की मी आलेय, की चहा गार झालाय. काकूंना काही ऐकू गेलं नाही. काकांनी आणखी दोनदा हाक मारली, मग टॉवेल मांडीवर घेतला आणि माझ्याकडं सरकून म्हणाले, "बसा. तिला येऊ दे सावकाश."